टोपीवाल्याला सांगा

दोन जावा एका घरात राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत, यात नवल करण्यासारखं काही नाही. घरोघरी मातीच्या चुली. नवल एवढंच, की या दोघींचं घर न बोलताही वर्षानुवर्षं सुरळीत चाललं, आणि ते चालवलं टीव्हीवरच्या एका माणसानं. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नव्हता.

हा माणूस डोक्यावर एक जुनी चौकड्यांची टोपी घालून आगगाड्यांतून हिंडायचा. 'रुळांच्या काठाने' हे त्याच्या कार्यक्रमाचं नाव. रोज दिवेलागणीनंतर तो कुठल्यातरी गाडीच्या खिडकीशी बसलेला दिसायचा. बाहेरून तळी, डोंगर, मेंढ्यांचे कळप, बंद पडलेल्या कारखान्यांची धुराडी सरकत जायची. मग एखाद्या आडगावच्या स्टेशनात तो उतरायचा आणि तिथल्या जुन्या गोष्टी सांगत बसायचा. हा पूल कुणी बांधला, फलाटावरच्या दोन घड्याळांत वेगवेगळी वेळ का असते, धरणाखाली कुठलं गाव गेलं आणि त्या गावचं स्टेशन तेवढं कसं वाचलं. त्याचं खरं नाव शेवटी बारीक अक्षरांत यायचं, पण तोवर धाकटीला झोप लागलेली असायची आणि थोरलीच्या चष्म्याला ती अक्षरं झेपायची नाहीत. म्हणून दोघींच्या लेखी तो टोपीवाला.

खाली तसबिरींना चौकटी लावणाऱ्याचं दुकान, त्यावर त्याचं बिऱ्हाड आणि त्याच्या डोक्यावर या दोघी. मधल्या खोलीत टीव्ही, अलीकडे थोरलीची खोली, पलीकडे धाकटीची. स्वयंपाकघर एकच, पण त्यात फळ्या दोन, आणि एकीचा डबा दुसरीच्या फळीवर कधी चुकूनही जात नसे. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही गेले, आधी थोरला, मग धाकटा. थोरलीला एक मुलगी, ती लग्न होऊन दूरच्या शहरात राहायची. धाकटीला मूलबाळ नाही. उरल्या या दोघी आणि त्यांच्यामध्ये अडकलेलं एक वाक्य.

त्याचं असं झालं, की धाकटीच्या नवऱ्याच्या छातीत संध्याकाळी दुखायला लागलं. पित्त असेल, सकाळी बघू, असं घरात ठरलं. सकाळी नेलं आणि दुपारी तो गेला. माणसं जमली, रडारड झाली, ती जरा ओसरल्यावर कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली थोरली म्हणाली, “वेळेवर नेलं असतं तर.” पुढे काही बोलली नाही. पण चार माणसांत बोलली, आणि सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या, निदान धाकटीला तसं दिसलं. ते वाक्य तिच्या काळजात रुतलं ते रुतलंच. तिनं त्याला उत्तर दिलं नाही, आणि पुढे कशालाच दिलं नाही. थोरलीनं काही दिवस विचारून पाहिलं, चहा ठेवू का, दार लावलंस का. मग तीही मानी बाई, तिनंही तोंड मिटलं. भांडण असतं तर कुणीतरी मध्ये पडून सोडवलं असतं. अबोल्यात मध्ये पडायचं तरी कुठे?

टोपीवाला मध्ये पडला तो पाण्यावरून. खालच्या चौकटवाल्यानं एकदा थोरलीला निरोप दिला, की उद्या दिवसभर नळाला पाणी येणार नाही. थोरलीला प्रश्न पडला. सांगावं तर अबोला मोडतो, न सांगावं तर सकाळी दोघींची पंचाईत. टीव्ही चालू होता. टोपीवाला एका उंच लोखंडी टाकीखाली उभा राहून, जुन्या काळी इंजिनं इथे थांबून पाणी कशी प्यायची ते सांगत होता. थोरली त्याच्याकडे बघत म्हणाली, “अहो टोपीवाले, तुमच्या इंजिनाचं भागलं, आमच्याकडे उद्या थेंब नाही. बादल्या भरून ठेवा म्हणावं.” धाकटी उठली आणि तिनं बादल्या भरल्या.

लेकी बोले सुने लागे म्हणतात, ते हेच. फक्त इथे लेक नव्हती, म्हणून ती जागा एका टोपी घातलेल्या बाप्याला मिळाली. पुढे सगळा कारभार त्याच्याच तोंडून व्हायला लागला. जिन्यातला दिवा गेला, टोपीवाल्याला सांगा. घरमालक रंग द्यायला माणसं पाठवतोय, टोपीवाल्याच्या कानावर घाला. धाकटी एकदा आठवडाभर खोकत होती, तेव्हा थोरलीनं त्याला विचारलं, की बोगद्यात एवढा धूर असतो तर लोक औषध घेतात की नुसते खोकत बसतात? दुसऱ्या दिवशी धाकटीनं औषधाची बाटली आणली आणि सगळ्यांना दिसावी म्हणून टीव्हीवर ठेवून दिली.

याचे नियमही आपोआप ठरून गेले. जाहिराती लागल्या की बोलायचं नाही. दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाशी बोलायचं नाही. थोरलीनं एकदा बातम्या देणाऱ्या बाईजवळ साबण संपल्याचं काढून पाहिलं, पण ती बाई श्वास घ्यायला सुद्धा थांबेना. टोपीवाल्याचं तसं नव्हतं. गाडी पुलावर आली की तो गप्प व्हायचा आणि नुसता चाकांचा आवाज यायचा. त्या फटीत घरातलं बोलणं बसायचं. आणि त्याच्याशी बोललेला प्रत्येक शब्द दुसरीसाठीच असायचा. नुसतं गाडीशी म्हणून दोघींपैकी कुणीच कधी बोललं नव्हतं.

कार्यक्रम दोघींनाही मनापासून आवडायचा, ही गोष्ट मात्र खरी. थोरली आयुष्यभर घरी बसून शाळेचे गणवेश शिवत आली होती. तिला टोपीवाल्याच्या जुन्या गोष्टींत गोडी. कुठल्या सावकारानं आपल्या बागेतून रूळ जाऊ दिले नाहीत, कुठल्या स्टेशनमास्तरच्या बायकोनं फलाटावर गुलाब लावले आणि मग त्यावरून वरिष्ठांशी कशी जुंपली. दुसऱ्यांच्या घरातली भांडणं, तीही मिटून गेलेली, ऐकायला कुणाला आवडत नाहीत? धाकटीला गोष्टींशी फारसं घेणं नव्हतं. तिला खिडकी आवडायची. खिडकीतून जे दिसतं ते आपलं आपण सरकतं, त्याला उचलावं लागत नाही.

कारण धाकटीचं सगळं आयुष्य उचलण्यात चाललं होतं. ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. ओल्या चादरींचे ढीग गाड्यावरून यायचे, ते मोकळे करायचे आणि इस्त्रीच्या गरम रुळांच्या यंत्रात घालायचे. यंत्रापुढे दोघीजणी लागतात. एकीनं या टोकाला धरायचं, दुसरीनं त्या, ताण द्यायचा, सुरकुती काढायची आणि एकदम आत सोडायची. हात मागेपुढे झाले की चादर तिरकी जाते, गोळा होते आणि यंत्र बंद पडतं. दिवसभर वाफ, दिवसभर उभं राहणं. संध्याकाळी दोन जिने चढताना धाकटी मधल्या वळणावर कठड्याला धरून उभी राहायची, तेव्हा आपण वर पोचलो आणि पाय अजून खालीच आहेत, असं तिला वाटायचं.

वर पोचेपर्यंत थोरलीनं टीव्ही लावलेला असायचा. धाकटी सुजलेले पाय समोर पसरून खुर्चीत टेकायची, एखादं तळं, एखादी दरी बघायची आणि बहुतेक वेळा पहिल्या बोगद्यातच झोपी जायची. मग थोरली उठून आवाज कमी करायची. स्वतः खुर्ची पुढे ओढून, कान लावून उरलेलं ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी टोपीवाल्याला सुनावायची, की काल तो पूल पडला म्हणालात, पण माणसं सगळी वाचली हे किती उशिरा सांगितलंत. धाकटी ते ऐकून घ्यायची. तिचा बहुतेक कार्यक्रम असा दुसऱ्या दिवशीच बघून व्हायचा.

थोरलीचे गुडघे गेले होते. खाली उतरायचं म्हणजे तिला सगळी सकाळ लागायची. तिची मुलगी फोनवर रोज एकच टुमणं लावायची, की आई, आता पुरे, माझ्याकडे ये. एका संध्याकाळी टोपीवाला एका लांबलचक पुलावर आला, गप्प झाला आणि थोरली म्हणाली, “अहो टोपीवाले, मुलगी म्हणते, कायमची ये. तिच्याकडे तळमजल्याला खोली आहे, जिना नाही. काय करावं माणसानं?”

पूल संपला. टोपीवाल्यानं तो बांधायला किती माणसं खपली ते सांगितलं. धाकटी त्या दिवशी टक्क जागी होती. राहा म्हणावं असं तिला वाटत होतं. पण राहा म्हणायचं कोणत्या तोंडानं? गुडघे तिचे, लेक तिची. आपण तर तिला इतक्या वर्षांत साधी हाक मारली नाही. शिवाय ते जुनं वाक्य मध्ये होतंच. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. दमलेल्या माणसाची सगळी कामं उद्यावर असतात.

पण रात्रभर तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येत राहिली. आपण खालच्या गल्लीत वळतो तेव्हा वर मधल्या खोलीच्या खिडकीत टीव्हीचा निळा उजेड हलत असतो. थोरली गेली की खिडकी काळी असेल. कुलूप आपणच उघडायचं, दिवा आपणच लावायचा आणि झोप लागली की आवाज कमी करायला कुणी उठणार नाही. तिला भरून आलं. दुसऱ्या दिवशी यंत्रापुढे उभी राहून तिनं वाक्यही जुळवून ठेवलं, की टोपीवाले, जिना आहे खरा, पण घरही आहे म्हणावं.

नेमका त्या दिवशी यंत्राचा पट्टा तुटला. अर्ध्या चादरी हातानं इस्त्री कराव्या लागल्या, मनगट भाजलं, वर मुकादमाची बोलणी खाल्ली. घरी आली तेव्हा धाकटीचं डोकं रिकाम्या बादलीसारखं झालं होतं. जुळवलेलं वाक्य जिन्यातच कुठेतरी सांडलं.

टीव्हीवर त्या दिवशी एक दरीतली लहानशी गाडी होती. एकच डबा, त्यात तीनचार म्हातारी माणसं, मागे-पुढे ओस पडलेली स्टेशनं. गावातली तरुण मंडळी केव्हाच शहरात गेली होती. आता ही गाडी बंद करावी असं सरकार म्हणत होतं आणि ती म्हातारी माणसं म्हणत होती, राहू द्या. टोपीवाल्यानं मध्येच खिडकीतून वळून विचारलं, तुम्हाला काय वाटतं? धाकटी अर्धवट झोपेत होती. ती चिरचिऱ्या आवाजात म्हणाली, “बंद करा म्हणावं एकदाचं. जायचे ते गेले. दोन म्हाताऱ्यांसाठी किती दिवस ओढायचं?”

आणि तिचा डोळा लागला.

आयुष्यात पहिल्यांदा ती गाडीशी गाडीबद्दल बोलली होती. हे तिला ठाऊक होतं, म्हणजे जागी असती तर ठाऊक असतं. थोरलीला कसं कळावं? काल तिनं एक प्रश्न विचारला होता आणि आज त्याचं उत्तर आलं होतं, रीतसर, नेहमीच्या वाटेनं. ती उठली, टीव्हीचा आवाज कमी केला आणि कार्यक्रम अर्ध्यावर टाकून आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या संध्याकाळी पहिल्याच पुलावर ती म्हणाली, “अहो टोपीवाले, रविवारी मुलगी न्यायला येतेय.”

धाकटीला धक्काच बसला. म्हणजे जायचं हिचं आधीच ठरलं होतं, विचारलं ते आपलं रीत म्हणून. आपण उगाच वाक्यं जुळवत बसलो. आणि एकदा असं मनात आल्यावर तिला थोरलीच्या प्रत्येक हालचालीत जायची घाई दिसायला लागली. तिनं टोपीवाल्याला एवढंच म्हटलं, “बरं.” ते बरं थोरलीला कसं लागलं असेल ते सांगायला नको.

मग बांधाबांध सुरू झाली. चौकटवाल्यानं वर येऊन माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढून दिली. थोरलीनं शिवणाची कात्री, टेप, नवऱ्याची तसबीर, उबदार कपडे एकेक करून आत घातले. स्वयंपाकघरातली आपली फळी तिनं रिकामी केली आणि तिच्यावरचे डबे पुसून धाकटीच्या फळीवर लावून ठेवले. धाकटी कामावरून आली तेव्हा एका फळीवर दाटी झालेली आणि दुसरी मोकळी, पुसलेली, असं तिला दिसलं. ती तिथेच स्टुलावर बसून राहिली आणि जेवली नाही. बाहेर टोपीवाला बोलत होता. तिला उठून बाहेर जाववेना.

शुक्रवारी ती टीव्हीपुढे बसली खरी, पण गाडी सुटायच्या आत झोपली.

शनिवारी यंत्रापुढे तिच्या जोडीला इंजिन होती. इंजिन म्हणजे धुलाईखान्यातली एक अगडबंब बाई. एकदा सुरू झाली की थांबायची नाही, म्हणून तिला सगळे इंजिन म्हणत, आणि तिला ते आवडायचं. धाकटी सहसा कुणाला घरातलं सांगत नसे. पण त्या दिवशी इंजिननंच खोदून खोदून विचारलं, की तोंड का उतरलंय, आणि धाकटीनं चादरी सोडता सोडता सगळं सांगून टाकलं. टोपीवाला, पाणी, औषधाची बाटली, मुलीकडची खोली. इंजिनला हसू आवरेना. माझ्या घरात माणसं माणसांशी बोलतात, तरी कुणी ऐकत नाही, आणि तुमच्याकडे टीव्हीशी बोललेलं कळतं म्हणजे कमाल आहे, असं ती म्हणाली. मग तिनं सहज विचारलं, की जाते म्हणायच्या आदल्या दिवशी तू टोपीवाल्याला काय म्हणालीस?

धाकटीला आठवायला वेळ लागला. काही नाही, ती म्हणाली, एक रिकामी गाडी होती, बंद करा म्हणाले, दोन म्हाताऱ्यांसाठी कशाला ओढायची.

इंजिन हसायची थांबली. “अगं बये,” ती म्हणाली, “तू गाडीला म्हणालीस ते तुला माहीत. तिला कुणी सांगितलं?”

धाकटीच्या हातातलं टोक सुटलं. चादर तिरकी आत गेली, गोळा झाली आणि यंत्र कुरकुरत बंद पडलं. मुकादम ओरडत आला. इंजिननं सगळा दोष स्वतःवर घेतला आणि त्याच्याशी असं काही भांडण उकरून काढलं, की धाकटीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. ती दोन्ही हात तसेच पुढे धरून उभी होती.

ती काही धावत घरी गेली नाही. कामाची पाळी संपेपर्यंत उरलेल्या चादरी घातल्या, मोजून रचल्या. असं घाईघाईनं उठून जाणं दमलेल्या माणसाला जमत नाही. पण मनात ती एकच गोष्ट घोकत होती. पुलापर्यंत थांबायचं, तो गप्प झाला की सांगायचं, झोपायचं नाही. जिन्यात मधल्या वळणावर ती थांबली नाही.

टीव्ही चालू होता. पण टोपीवाला नव्हता. त्याच्या जागी कसलीशी गाण्याची स्पर्धा लागली होती. झगमगीत कपड्यांतली मुलं गात होती, परीक्षक टाळ्या वाजवत होते, आणि कुणी क्षणभर गप्प म्हणून बसत नव्हतं. धाकटी खुर्चीच्या कडेला बसून वाट बघत राहिली. आज उशीर असेल, असं तिला वाटलं. दारापाशी ट्रंक कुलूप लावून तयार होती. शेजारच्या खुर्चीत थोरली हात मांडीवर ठेवून बसली होती.

दुसरं गाणं संपलं, तिसरं सुरू झालं. थोरली उठली आणि तिनं टीव्ही बंद केला. काळ्या काचेत दोघी दिसायला लागल्या, एक उभी, एक बसलेली.

धाकटी त्या काचेकडेच बघत म्हणाली, “अहो टोपीवाले...”

“तो नाहीये,” थोरली म्हणाली. “कालच संपला त्याचा कार्यक्रम. टोपी काढून निरोप घेतला त्यानं. टक्कल आहे चांगलं. तू झोपली होतीस.” मग ती खुर्चीत बसली. “मला सांग काय ते.”

इतक्या वर्षांनी समोरासमोर आलेलं हे वाक्य. धाकटीला मान वळवायला सुद्धा जड गेलं.

“मी त्या गाडीला म्हणत होते, जाऊबाई,” ती म्हणाली. “बंद करा म्हणाले ते. त्या दरीतल्या गाडीला. तुम्हाला नाही. दमले होते मी, डोकं ठिकाणावर नव्हतं.”

थोरलीनं दारापाशी ठेवलेल्या ट्रंकेकडे बघितलं.

“तुम्हाला वेगळंच सांगायचं होतं. जाऊ नका म्हणून सांगायचं होतं.”

खाली चौकटवाला खिळे ठोकत होता, त्याचा आवाज तेवढा वर येत राहिला. थोरलीनं चष्मा काढला, पदराबिदराला न पुसता नुसताच हातात धरून ठेवला.

“गाडीला म्हणालीस,” ती हळूच म्हणाली, “आणि मी मनाला लावून घेतलं.” मग तिनं चष्मा पुन्हा लावला. “मीही तुला नव्हते म्हणाले.”

“कधी?”

“त्या दिवशी. सगळे जमले होते तेव्हा. वेळेवर नेलं असतं तर म्हणाले ते. अगं, तू न्यायचं म्हणत होतीस. पित्त असेल, सकाळी बघू, असं मीच म्हणाले होते ना. मी माझ्याशीच बोलत होते.”

धाकटीनं त्या रात्रीची आठवण मनात इतक्या वेळा उलटीपालटी केली होती, की तिच्या कडा झिजल्या होत्या. पण दर वेळी तिनं तिच्यात आपलाच दोष शोधला. आता तिला तो आवाज ऐकू आला, दारात उभ्या राहिलेल्या थोरलीचा, पित्त असेल गं. घरात ठरलं, असंच ती आजवर धरून चालली होती. कुणी ठरवलं हे तिनं कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. आणि ही बाई तेवढं एक वाक्य उराशी धरून पलीकडच्या खोलीत राहत होती, रोज संध्याकाळी टीव्हीचा आवाज कमी करत होती.

“मग आधी का नाही सांगितलंत?” ती म्हणाली. रागावून म्हणायचं होतं, पण राग यायलाही अंगात त्राण लागतं.

“तू विचारलंस कुठे? आणि मला वाटलं, तुला खरं तेच कळलंय. दोष माझा म्हणूनच तू बोलत नाहीस.”

दोघीही मग बराच वेळ रडल्या. मोठ्यानं नाही. दमलेल्या बायका रडतात तशा, खुर्चीतल्या खुर्चीत, डोळे न पुसता. इतकी वर्षं गेली होती, आणि ती काही परत यायची नव्हती. उरलीसुरली उमेदीची वर्षं दोघींनी एका टोपीवाल्याच्या हवाली केली होती.

शेवटी धाकटीनं नाक पुसलं आणि ट्रंकेकडे बघत विचारलं, “आता उशीर झाला का?”

“नाही,” थोरली म्हणाली. “वेळेवर सांगितलंस.”

मग दोघींनी ट्रंक माळ्यावर चढवायची ठरवली. थोरलीनं एक कडी धरली, धाकटीनं दुसरी, एकदम म्हणून उचलली, आणि ती गुडघ्याइतकी सुद्धा वर येईना. एकीचे गुडघे गेलेले, दुसरीचं मनगट भाजलेलं. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा त्या तिच्यावरच बसल्या आणि थोरली म्हणाली, राहू दे इथेच, काय खायला मागतेय. त्यांनी ती ढकलत ढकलत टीव्हीपुढे नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली, ती चिडली. रजा काढली, खोली रंगवून घेतली, आणि आता नाही म्हणतेस, मग आधी सांगायचं ना, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिचंही खरंच होतं. थोरली आणि धाकटी खाली माना घालून ऐकत होत्या.

गुडघे काही सुधारले नाहीत. यंत्राचा पट्टा पुन्हा एकदा तुटला. घरात आता बोलणं होतं, पण फार नव्हे. सवय मोडली होती आणि संध्याकाळी धाकटीत बोलण्याइतका जीवही नसायचा. काही महिन्यांनी टोपीवाला परत आला. तीच टोपी, नवे रूळ. पहिल्या पुलावर तो गप्प झाला आणि चाकांचा आवाज यायला लागला, तेव्हा दोघीही सवयीनं जरा सरसावून बसल्या. त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं.

“पाय वर घे,” थोरली म्हणाली, आणि धाकटीनं सुजलेले पाय ट्रंकेवर ठेवले. पूल संपायच्या आत तिला झोप लागली.